‘नुसतं बघितलंच ना?’ : कलमांचा इतिहास आणि पोलीस ठाण्यातले कागद

मागच्या महिन्यात एका विद्यार्थिनीचा मेसेज आला. एम.ए. इतिहास झालंय, सेट पास आहे, आता पीएचडीसाठी सिनॉप्सिस लिहितेय. विषय : चोरून पाहणे, चोरून चित्रण करणे या गुन्ह्याच्या कायद्याची अंमलबजावणी. प्रश्न एवढाच होता, ‘ताई, ३५४-क खाली किती केसेस झाल्या तो आकडा कुठे मिळेल? आकडा मिळाला की पहिलं प्रकरण उभं राहील.’

आकडा मिळतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात २०१४ पासून या गुन्ह्याचा वेगळा रकाना आहे. पण त्या आकड्यावर पहिलं प्रकरण उभं करू नका. का ते सांगायला हा लेख लिहितेय. मी स्वतः पहिलं दीड वर्ष त्याच आकड्यांच्या मागे घालवलं, गाईडनी मसुदा परत केला, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. तुमचं दीड वर्ष वाचावं, इतकाच हेतू.

आधी एक गोष्ट, माझीच. २०१४ च्या पावसाळ्यातली. मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी वसतिगृहात राहत होते. आमच्यातल्या एकीला न्हाणीघराच्या झरोक्यात मोबाईल दिसला, रेकॉर्डिंग चालू असलेला. आरडाओरडा झाला, कॅन्टीनमधला एक मुलगा पळताना सापडला. रेक्टरबाईंनी सगळ्यात आधी काय केलं असेल? फोन हातात घेतला आणि त्यातल्या सगळ्या क्लिपा स्वतः डिलीट केल्या. ‘मुलींची अब्रू वाचली पाहिजे,’ असं त्या म्हणाल्या, आणि खरं सांगते, त्या क्षणी आम्हाला त्यांचे उपकारच वाटले. मग आम्ही सात जणी पोलीस ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदारांनी विचारलं, ‘हात लावला का कुणाला?’ नाही. ‘घरात घुसला?’ नाही. ‘मग नुसतं बघितलंच ना?’

आमचा ‘अर्ज’ घेतला गेला. मुलाने माफीनामा लिहून दिला. त्याच्यावर मुंबई पोलीस कायद्याच्या ११०-११७ खाली कारवाई झाली. म्हणजे सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन, दंड भरा आणि घरी जा. ३५४-क हे कलम तेव्हा सव्वा वर्षाहून जुनं झालं होतं. आम्हाला माहीत नव्हतं. अंमलदारांना होतं की नाही, कोण जाणे. त्या वर्षीच्या राष्ट्रीय तक्त्यात महाराष्ट्रासमोर जो आकडा छापलाय, त्यात आम्ही सात जणी नाही.

आता इतिहासाकडे वळू. पण सनावळी म्हणून वाचू नका. प्रत्येक टप्प्यावर एकच गोष्ट बघत चला : कायद्यात काय लिहिलं, आणि ठाण्यात काय लिहिलं गेलं.

१८६० च्या भारतीय दंड संहितेत ‘चोरून पाहणे’ असा गुन्हा नव्हता. जवळची कलमं दोन. ३५४ म्हणजे विनयभंग. त्यासाठी हल्ला किंवा बलप्रयोग लागतो. आणि ५०९ : शब्द, हावभाव, कृती, किंवा स्त्रीच्या एकांतात घुसखोरी. ‘एकांत’ हा शब्द १८६० पासून कलमात बसलेला होता, हे मला वाचताना फार आश्चर्याचं वाटलं. पण शिक्षा एक वर्षापर्यंत साधी कैद किंवा दंड, आणि अट अशी की ‘विनयाचा अपमान करण्याचा हेतू’ सिद्ध झाला पाहिजे. गंमत बघा, चोरून बघणाऱ्याचा हेतू नेमका उलटा असतो. आपण बघतोय हे तिला कळूच नये, अशीच त्याची इच्छा. मग अपमानाचा हेतू कसा सिद्ध करायचा? वकिलांनी हा मुद्दा सोडला असता तरच नवल.

या दोन कलमांचं न्यायालयात काय होतं, ते बघायला एक खटला जरूर वाचा : रूपन देओल बजाज विरुद्ध के. पी. एस. गिल. तक्रारदार वरिष्ठ आयएएस अधिकारी, आरोपी पंजाबचे पोलीस महासंचालक. घटना जुलै १९८८ मधली, चंदीगडमधल्या एका मेजवानीतली. १९८९ मध्ये उच्च न्यायालयाने गुन्हाच रद्द केला. त्यात दंड संहितेच्या ९५ व्या कलमाचा आधार होता. ९५ वं कलम काय म्हणतं? इजा इतकी क्षुल्लक असेल की शहाणा माणूस तिची तक्रार करणार नाही, तर तो गुन्हा नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये हे फिरवलं, १९९६ मध्ये शिक्षा झाली, नंतर कैदेऐवजी प्रोबेशन आलं, आणि शेवटचा निकाल लागला २००५ मध्ये. सतरा वर्षं. तक्रारदार आयएएस असताना. ‘क्षुल्लक’ हा शब्द वहीत टिपून ठेवा. ठाण्यातलं ‘नुसतं बघितलंच ना’ आणि कलम ९५ यांच्यात अंतर फार नाही.

पण आपल्याकडची मोठी गोष्ट त्याच्या सोळा वर्षं आधीची आहे, आणि ती महाराष्ट्रातली आहे. तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य. २६ मार्च १९७२ ची रात्र, देसाईगंज पोलीस ठाणे. देसाईगंज म्हणजे वडसा. आज ते गडचिरोली जिल्ह्यात आहे, पण गडचिरोली जिल्हा झाला १९८२ साली. त्यामुळे तुम्ही कागद शोधायला गेलात तर चंद्रपूरच्या नावाने शोधा. मी दोन दिवस चुकीच्या जिल्ह्याचे रुमाल सोडत बसले होते. एक आदिवासी मुलगी, वय चौदा ते सोळाच्या मध्ये. भावाने केलेल्या तक्रारीवरून जबाबासाठी ठाण्यात आणलेली. जबाब संपले, बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं, तिला थांबवलं. आरोप होता ठाण्यातल्याच एका हवालदारावर आणि एका शिपायावर.

तिचं नाव मी इथे लिहीत नाही. तुम्हाला ते माहीत असेल, प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. पण पीडितेची ओळख छापू नये असं सांगणारं २२८-अ हे कलम १९८३ मध्ये आलं, ते ज्या दुरुस्तीतून आलं ती तिच्याच खटल्यामुळे झाली. निकालपत्रांच्या छपाईला कायद्याने सूट आहे हे खरं. तरी तुमच्या प्रबंधात नाव लिहायचं की नाही, हा प्रश्न सिनॉप्सिसच्या टप्प्यावरच स्वतःला विचारा. व्हायवात विचारतात.

या खटल्याचा निकाल सगळे वाचतात. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये सोडलं, नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९७८ मध्ये पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत म्हणजे प्रतिकार नाही, प्रतिकार नाही म्हणजे संमती, असा तो तर्क. मला मात्र त्यातल्या दोन बारीक तपशिलांनी जास्त अडवलं. पहिला : तक्रार लिहून कशी घेतली गेली? ठाण्याबाहेर गाव जमला, लोक चिडले, ठाणं जाळायची भाषा झाली, तेव्हा. गाव जमला नसता तर आज आपल्याकडे निकालपत्र नसतं, खटला नसता, १९८३ ची दुरुस्तीही कदाचित नसती. दुसरा : वैद्यकीय तपासणी झाली ती दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या सुमाराला, जवळजवळ वीस तासांनी. आणि अहवालात भर कशावर, तर तिला ‘सवय’ आहे की नाही यावर.

त्या निकालानंतर वर्षभराने, सप्टेंबर १९७९ मध्ये, चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं : उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि पुण्याच्या वसुधा धागमवार. मुद्दा सरळ होता, शरण जाणं म्हणजे संमती नव्हे. १९८० मध्ये मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला, मोर्चे निघाले. त्याच वर्षी कायदा आयोगाचा ८४ वा अहवाल आला. तो मिळवून वाचाच. त्यात एक शिफारस अशी आहे की तक्रार नोंदवून घ्यायला नकार देणारा ठाण्याचा अधिकारी हाच गुन्हेगार ठरवावा. १९८३ च्या दुरुस्तीने बरंच काही दिलं. कोठडीतल्या बलात्काराला वेगळी व्याख्या, किमान शिक्षा, बंद दाराआड सुनावणी, आणि कोठडीच्या प्रकरणात स्त्री ‘संमती नव्हती’ म्हणाली तर न्यायालयाने ते गृहीत धरायचं. पण ती एक शिफारस राहून गेली. ती १६६-अ या कलमाच्या रूपात कायद्यात आली २०१३ साली. मधली तेहतीस वर्षं कुठे गेली, यावर एक अख्खा प्रबंध होऊ शकतो. कुणी घेत असेल तर मला कळवा, माझ्याकडची टिपणं देईन.

तपासणीचंही तसंच. पीडितेच्या ‘चारित्र्या’वरून तिची साक्ष खोडायची सोय पुरावा कायद्यातून २००२ च्या दुरुस्तीने काढली. दोन बोटांची चाचणी चूक आहे असं सर्वोच्च न्यायालय २०१३ मध्ये म्हणालं, आरोग्य मंत्रालयाने २०१४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की ही चाचणी करू नका. एकच गोष्ट न्यायालयाला नऊ वर्षांनी पुन्हा सांगावी लागते, तेव्हा संशोधकाने काय वाचायचं? निकाल वाचायचा असतोच. त्याहून जास्त, मधल्या नऊ वर्षांतले दवाखान्यांचे छापील फॉर्म वाचायचे असतात. फॉर्मवर जुना रकाना असेल, तर रात्रपाळीचा डॉक्टर तो भरणारच.

मोबाईलकडे येऊ. २००४ मध्ये दिल्लीतल्या शाळकरी मुलांच्या एका क्लिपचं प्रकरण देशभर गाजलं. त्यात कायद्याची सगळी चर्चा झाली ती क्लिप विक्रीला लागलेल्या संकेतस्थळाच्या प्रमुखाला जबाबदार धरायचं का, यावर. मुलीच्या खासगीपणाची चर्चा त्या मानाने किती कमी झाली, ते तेव्हाची वर्तमानपत्रं काढून मोजा. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने ६६-ई आलं : संमतीशिवाय खासगी अवयवांचं चित्रण, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड. कागदावर चांगलं कलम. पण याच कायद्याचं ७८ वं कलम सांगतं की तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानेच करायचा. आपल्या ग्रामीण भागात कित्येक ठाण्यांचा प्रभारी असतो सहायक पोलीस निरीक्षक. म्हणजे ६६-ई लावलं की तपास आपल्या हातातून वर जाणार, कागदपत्रं वाढणार. मग काय होतं, ते तुम्हीच ओळखा. ५०९ लावा, मिटवा.

डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीची घटना घडली. न्या. वर्मा, न्या. लीला सेठ आणि गोपाल सुब्रमण्यम यांच्या समितीने महिनाभरात अहवाल दिला, २३ जानेवारी २०१३ ला. सगळे त्यातली नवी कलमं उद्धृत करतात. पण अहवालाचा सूर वेगळाच आहे : कायदे कमी आहेत यापेक्षा ते राबवणारी यंत्रणा काम करत नाही, हे मूळ दुखणं. त्यातून झालेल्या २०१३ च्या दुरुस्तीत ३५४-क आलं. खासगी कृतीत असलेल्या, कुणी आपल्याला पाहत नाही अशी अपेक्षा असलेल्या स्त्रीला पाहणं, तिचं चित्रण करणं, ते पसरवणं. एक ते तीन वर्षं. दुसऱ्यांदा दोषी ठरला तर तीन ते सात. स्त्रीने चित्रणाला संमती दिली असली तरी ते पसरवायला दिली असं होत नाही, हेही स्पष्टीकरणात आहे. मसुदा चांगला आहे, मान्यच करायला हवं. फक्त पहिल्या वेळी गुन्हा जामीनपात्र. म्हणजे आरोपी ठाण्यातूनच जामिनावर सुटतो आणि संध्याकाळी त्याच गल्लीत, त्याच खिडकीसमोर परत येतो.

जामीनपात्र असण्याविरुद्ध मी सरसकट नाही, हे इथेच सांगते. कठोर कलम म्हणजे जास्त शिक्षा, असं इतिहासात दिसत नाही. कधी कधी शिक्षा जड असेल तर न्यायालय दोषी धरायलाच बिचकतं. माझी तक्रार वेगळी आहे. चित्रणाच्या गुन्ह्यात पहिले काही तास महत्त्वाचे असतात, फोन जप्त होण्याचे. पंचनामा नीट झाला नाही, फोन सीलबंद झाला नाही, तर पुढचं सगळं फोल. प्रयोगशाळेचा अहवाल कधी येईल ते येईल. वर पुरावा कायद्याचं ६५-ब चं प्रमाणपत्र लागतं. ते सक्तीचं आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं आणि २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर खटल्यात पक्कं केलं. तो खटला जालन्याच्या निवडणुकीचा! विनयभंगाशी काडीचा संबंध नाही, पण या गुन्ह्यांच्या खटल्यांवर त्याचा परिणाम मोठा. म्हणून म्हणते, शोध फक्त ‘३५४-क’ टाकून करू नका. आमच्या रेक्टरबाईंनी क्लिपा पुसल्या, तेव्हा खटला तिथेच संपला होता. मी हे समजायला पुढे कितीतरी वर्षं घेतली.

कलम असतं तेव्हा यंत्रणा चपळ होऊ शकते, हेही खरं. एप्रिल २०१५ मध्ये गोव्यात कांदोळीच्या एका कपड्यांच्या दुकानात तेव्हाच्या केंद्रीय मंत्री स्मृती इराणी यांना कपडे बदलायच्या खोलीच्या दिशेने कॅमेरा दिसला. दुकानाचं म्हणणं, कॅमेरा सुरक्षेसाठीचा होता, लपवलेला नव्हता. पण गुन्हा ताबडतोब दाखल झाला, कर्मचाऱ्यांना अटकही झाली. त्या ठाण्यात ‘नुसतं बघितलंच ना’ असं कुणी विचारलं नसणार.

न्यायालयात पोचलेला एक निकाल सांगते. दिल्ली उच्च न्यायालय, २०२३. घटना २०१४ ची. घराबाहेर विटांची न्हाणी, दाराऐवजी पातळ पडदा, आणि बाहेरून डोकावणारा माणूस. बचाव काय, तर ही सार्वजनिक जागा आहे, खासगी नाही. न्यायालयाने तो झटकला आणि ३५४-क खालची शिक्षा कायम ठेवली. आपल्याकडच्या वस्त्यांतली, तांड्यांवरची, वीटभट्ट्यांवरची न्हाणी डोळ्यासमोर आणा. चार भिंती ज्यांच्याकडे नाहीत त्यांच्या एकांताचं काय, हा प्रश्न त्या निकालात आहे. माझ्या मते या कलमाच्या इतिहासातला तो सगळ्यात वाचनीय कागद आहे.

आता आकड्याकडे. राष्ट्रीय अहवाल ‘मुख्य गुन्ह्याच्या नियमा’ने मोजतो. एका एफआयआरमध्ये पाच कलमं असली तर सगळ्यात जड शिक्षेचं एकच मोजलं जातं. चोरून चित्रण केलं, ते दाखवून धमकावलं, मग बलात्कार केला, तर तक्त्यात फक्त बलात्कार. म्हणजे ३५४-क चा रकाना सांगतो ती बहुतेक अशी प्रकरणं, ज्यात बघण्यापलीकडे काही घडलं नाही किंवा नोंदलं गेलं नाही. १९९४ चं जळगावचं प्रकरण आठवा. छायाचित्रं, धमक्या, अत्याचार असं सगळं एकात एक. तेव्हा ३५४-क नव्हतंच. पण आज तसं घडलं तरी या रकान्यात ते दिसणार नाही. त्या प्रकरणात बहुतेक आरोपी शेवटी सुटले, हेही लक्षात ठेवा.

दुसरं, वाढलेला आकडा म्हणजे वाढलेला गुन्हा, असं लिहू नका. देशात बलात्काराच्या नोंदी १९७१ मध्ये २,४८७ होत्या, २०१२ मध्ये २४,९२३ आणि लगेच पुढच्या वर्षी ३३,७०७. एका वर्षात पुरुष इतके बदलले नाहीत. व्याख्या रुंदावली आणि ठाण्यातली लेखणी थोडी सैल झाली. आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, ३५४-क चं ७७ झालं, ‘कोणताही पुरुष’च्या जागी ‘जो कोणी’ आलं. तुमचा तक्ता तिथे तोडा, सलग रेघ ओढू नका.

मग बघायचं काय? आपल्या राज्यात पोलीस तपास बंद करताना समरी पाठवतात. ‘अ’ समरी म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी वा पुरावा मिळत नाही, ‘ब’ म्हणजे तक्रार खोटी, खोडसाळ, आणि ‘क’ म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची, धड खरी नाही, धड खोटी नाही. दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात हे कागद असतात. विनयभंगाच्या प्रकरणांत ‘क’ समरीतली भाषा वाचत बसा. ‘उभयतांत समजूत झाली’, ‘फिर्यादी तक्रार पुढे चालवू इच्छित नाही’. समजूत कुणी घातली, कुठे बसून घातली, त्याचा पत्ता कागदावर नसतो. जबाबावरच्या तारखा बघा, कुठल्या शाईने दुरुस्त केल्यात ते बघा. तिथे तुम्हाला जे सापडेल ते कुठल्याही अहवालात नाही.

आणि समरीच्याही खाली असतो तो ‘अर्ज’. एफआयआर नाही, अदखलपात्र नोंदसुद्धा नाही, नुसता आवक क्रमांक मारलेला कागद. असे अर्ज काही वर्षांनी नष्ट करतात. मी दोन वर्षांपूर्वी त्या ठाण्यात माहितीच्या अधिकाराखाली आमच्याच अर्जाची प्रत मागितली. उत्तर महिन्याच्या आत आलं, नियमाप्रमाणे : ‘सदर अभिलेख मुदतबाह्य असल्याने नाश करण्यात आला आहे.’ खाली सही, शिक्का, जावक क्रमांक. ते उत्तर मी परिशिष्टात लावलंय. गाईड म्हणाले, हा पुरावा नाही. मी म्हटलं, सर, असू दे.

तुम्हाला ज्या ठाण्याचे अर्ज बघायचेत, त्यांच्यासाठी माहितीचा अर्ज सिनॉप्सिस मंजूर व्हायची वाट न बघता आत्ताच टाका. वर्ष लिहा, आवक नोंदवहीची मागणी वेगळी करा. अर्ज नष्ट झाले तरी नोंदवही कधी कधी उरते, आणि तिच्यात निदान एक ओळ असते.